कंपनीचं नाव कुठे येतं

वीज कंपनीच्या माहिती विभागात बाईंच्या इंग्रजीचा दबदबा होता. वर्तमानपत्रांकडे जाणारं प्रत्येक इंग्रजी निवेदन त्यांच्या हातून जायचं, आणि नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी विभागाचा शिरस्ता ऐकावा लागायचा. वीज आली की वाक्यात कंपनीचं नाव, वीज गेली की नाव गायब! पुरवठा खंडित व्हायचा तो आपला आपणच. सुरळीत मात्र कंपनी करायची. दरसुद्धा बिचारे कुणी हात न लावता वाढायचे.

"आपण खोटं कुठे बोलतो? नाव जपून वापरतो, एवढंच," असं बाई म्हणायच्या आणि सगळे हसायचे. शिरस्ता विभागाच्या साहेबांनी घालून दिलेला होता, आणि साहेबांचा शब्द बाईंना शेवटचा. त्यांच्या धाकट्या भावाला लाइनमनची नोकरी साहेबांनीच लावून दिली होती. साहेब त्यांना ताई म्हणायचे, अगदी भावासारखे.

त्या दिवशी भाऊ खांबावर होता. लाइन बंद ठेवायची परवानगी त्याने रीतसर घेतली होती. तरी सबस्टेशनातल्या कुणीतरी खटका ओढला आणि लाइन चालू झाली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, आणि खाली पडून कंबर मोडली ती वेगळीच. आता सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. तो कंपनीच्या कामावर होता हे कंपनीने कबूल केलं तर उपचार कंपनीचे, नोकरीही शाबूत. नाही केलं, तर दोन्हींवर पाणी.

साहेब स्वतः हॉस्पिटलात आले. बाकावर शेजारी बसले, बाईंच्या हातात चहाचा कप दिला.

"ताई, निवेदन तुम्हीच लिहा. भाऊ तुमचा, भाषा तुमची. मी एक अक्षर बदलणार नाही."

बाईंनी तिथेच, मांडीवर कागद ठेवून लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा शिरस्ता धाब्यावर बसवला. कंपनीचा लाइनमन, कंपनीच्या लाइनवर, कंपनीच्या परवानगीने काम करत असताना वीज सोडली गेली. वाचताना त्यांचं त्यांनाच हसू आलं. हाताला सवय कशी लागते बघा! त्यांनी शेवट खोडला आणि लिहिलं, कंपनीने वीज सोडली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "असंच हवं," म्हणाले. बाईंना रडू आवरेना. अशी माणसं आहेत म्हणून दिवस निघतात, असं त्यांना मनापासून वाटलं. मग त्या भावासाठी जेवण आणायला घरी गेल्या.

सकाळी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. इंग्रजी कसं, घासूनपुसून लख्ख. अपघात घडला होता, आपला आपणच. एक इसम परवानगीशिवाय खांबावर चढला होता. कुठला, कुणाचा, पत्ता नाही. कंपनीचं नाव एकदाच, अगदी शेवटी: कंपनीने संध्याकाळपर्यंत परिसराचा पुरवठा सुरळीत केला.

परक्याने गळा कापला असता तर बाई ओरडल्या तरी असत्या. हे वार करणारं इंग्रजी त्यांनीच घोटून घेतलेलं होतं, विभागातल्या एकेका पोराकडून, कौतुकाने.

त्यांनी साहेबांना फोन लावला.

"मनाला लावून घेऊ नका ताई," साहेब म्हणाले. आवाज तोच, मायेचा. "वरून दबाव होता. आणि तुमच्या भावाला ते मान्य आहे. त्याने अंगठा दिलाय."

बाई धावतच वॉर्डात गेल्या. भाऊ जागा होता. डाव्या अंगठ्याला अजून शाई होती.

"कशावर अंगठा दिलास रे? वाचायचं नाही का आधी?"

"इंग्रजीत होतं गं. काल तू जेवण आणायला गेलीस ना, तेव्हा साहेब आले होते. मी म्हटलं, जरा वाचून दाखवा." तो उशीवरून त्यांच्याकडे बघून निवांत हसला. "तर ते म्हणाले, ताईने लिहिलंय. मग मी कशाला वाचायला लावतोय?"