दुखत नाही, पण चैन नाही

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन सकाळी झालं आणि दुपारी उशाशी बसायची पाळी जावयावर आली. बायकोला कामावर जाणं भाग होतं. "बाबांना दुखायला लागलं की सिस्टरना बोलव. बाकी काही करू नकोस," असं बजावून ती गेली.

जावई चष्म्याच्या दुकानात होता, सासरे जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी दोघांचं बोलणं हवापाण्याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. सासरे त्याला अहो-जाहो करायचे, पण त्यात मानापेक्षा अंतरच जास्त.

पाठीत बारीक नळी घातलेली होती. खाटेशेजारच्या पंपातून तिच्यात औषध जात होतं, आणि त्यानं कमरेखालचं सगळं बधिर झालेलं. लघवीसाठी दुसरी नळी लावून तिची पिशवी खाटेखाली टांगलेली.

"दुखतंय का?"

"नाही. जरा पाठ वर करता?"

जावयानं बटण दाबलं. खाट घरघरत वर आली.

"पडदा ओढा. डोळ्यावर येतंय."

ओढला.

"उघडा हो, गुदमरायला होतंय."

मग चादर नको झाली, मग हवी झाली. उशी उलटी, उशी सुलटी. जावई उठबस करून घामाघूम. शेवटी तो म्हणाला, "बाबा, नेमकं काय होतंय?"

"ते कळलं असतं तर तुम्हाला कशाला कामाला लावलं असतं?" सासरे खेकसले. मग त्यांनी मान उचलून पायाकडे पाहिलं. "जावईबुवा, बघा हो, पाय माझाच आहे ना?"

चादर उचलून जावयानं पाहिलं. "तुमचाच आहे."

"कशावरून?"

"इतकी वाढलेली नखं दुसऱ्या कुणाची असणार?"

बोलून गेला आणि जीभ चावली. पण सासऱ्यांचं लक्षच नव्हतं. त्यांचा श्वास भराभर चालला होता, कपाळ ओलं झालं होतं, बोटं चादरीच्या काठाशी चाळा करत होती.

जावयानं सिस्टरना बोलावलं. त्यांनी मांडीवर गार बोळा टेकवला. "गार लागतंय?" "नाही." "म्हणजे औषध नीट चाललंय. दुखतही नाही ना? मग डोळे मिटून पडा बरं." दुसऱ्या खोलीतली घंटा वाजली आणि त्या लगबगीनं निघून गेल्या.

दुखत नाही म्हटल्यावर पुढे कुणाला काही विचारायचंच उरत नव्हतं. सासऱ्यांचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

"मी उठतो," ते एकदम म्हणाले आणि कठडा धरून अंग ओढू लागले.

"बाबा, पाय धरणार नाहीत!"

"धरतील! सोडा मला! तुम्हाला काय कळतंय? आयुष्यात कधी भिंतीत खिळा ठोकला नाहीत!"

जावयानं त्यांना दोन्ही हातांनी कवटाळलं. आजवर त्यानं त्यांच्या अंगाला हातसुद्धा लावला नव्हता. "नसेल ठोकला," तोही तापला, "पण सोडणार नाही. तुम्ही पडलात तर तुमची लेक मला घरात घेणार नाही!"

झटापटीत त्याचा हात सासऱ्यांच्या ओटीपोटावर दाबला गेला. पोट दगडासारखं टणक लागलं. तो दचकला आणि दुसऱ्या हातानं घंटा दाबतच राहिला.

सिस्टर धावत आल्या. पोट चाचपलं, वाकून खाली टांगलेली लघवीची पिशवी पाहिली. ती जवळजवळ रिकामी होती. पिशवीच्या नळीवरून बोट फिरवत त्या वर आल्या आणि खाटेच्या सांध्याशी थांबल्या. पाठ वर उचलताना नळी तिथे चेंगरली होती. त्यांनी ती सोडवली.

"पाठीतल्या औषधानं लघवी तुंबल्याचंही कळत नाही," त्या म्हणाल्या. "जीव मात्र कासावीस होतो. मघाशीच पिशवी बघायला हवी होती मी."

"खाट मी वर केली होती," जावई पुटपुटला.

पिशवी भरू लागली. सासरा आणि जावई, दोघंही नजर चुकवून पंख्याकडे बघत राहिले. हळूहळू सासऱ्यांच्या मुठी सुटल्या.

"मला वाटलं, मी चाललो," ते हलक्या आवाजात म्हणाले. "काही सांगताच येईना हो. त्यापेक्षा दुखलं असतं तर बरं. निदान बोट तरी ठेवता आलं असतं."

 जावयानं रुमालानं त्यांचं कपाळ पुसलं, आणि त्यांनी पुसू दिलं.

संध्याकाळी लेक आली तेव्हा सासरे तोंड उघडं टाकून झोपले होते. "शांत दिसतायत. त्रास नाही ना दिला?" तिनं विचारलं. जावयानं सगळं सांगितलं, आपण केलेला घोटाळासुद्धा. ती आधी घाबरली, मग तोंडावर हात धरून हसली. "जा तू घरी, मी बसते."

तो निघाला, जिन्यापर्यंत गेला. तिथून परत आला, खाटेशी वाकला आणि पिशवीच्या नळीवरून बोट फिरवलं.

"अरे, झालं ना आता?"

"हो," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून तिथेच बसला.