शंभर टक्के भरलेली पेटी

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नेमकी त्याच आठवड्यात दुपारची वीज जायला लागली. वीज गेली की शेजारपाजारचे लोक खाली जिन्यात सावलीला जाऊन बसायचे. आई कुठे जाणार? ती मागच्या खोलीत उशीवर पाय ठेवून घामाच्या धारांत पडून राहायची. मला ते बघवेना, म्हणून मी पॉवर स्टेशन आणून दिलं. नाव भारदस्त असलं तरी ती आपली एक बॅटरीची पेटी, मूठ धरून उचलावी एवढी. टेबलफॅन तिच्यावर सहज चालतो. दुकानदाराने माझ्यासमोर चालवून दाखवला होता.

बाबांनी ती भिंतीतल्या विजेवर शंभर टक्के भरली, जुन्या टॉवेलने झाकली आणि कपाटात ठेवून दिली.

"अहो बाबा, वापरायला आणलीय ती."

"वापरू की. आधी सोलर पॅनल येऊ दे. खर्च झालेलं परत कुठून भरायचं?"

"वीज आली की भिंतीतून."

"आणि नाही आली तर?"

बाबांची सगळी नोकरी कारखान्याच्या भांडारात गेली. मागितलेली वस्तू चटकन काढून देणं, याहून बेजबाबदार काम त्यांच्या लेखी दुसरं नाही. त्यांच्या भांडारात कधी काही संपलं नाही आणि कारखान्यात कायम कुणाचं तरी काहीतरी अडलेलं असायचं. निरोप समारंभात साहेबांनी पहिल्या गोष्टीचं तोंडभरून कौतुक केलं.

मग पॅनल निवडण्याचा काथ्याकूट सुरू झाला. पॅनल घडीचाच हवा, कारण गॅलरी एवढीशी आणि त्यात कपड्यांची दोरी. लहान पॅनल हलका, पण पेटी भरेपर्यंत ऊन निघून जाणार. मोठा भराभर भरणार, पण उलगडला की गॅलरीचं दार उघडणार नाही. बाबांनी खोक्यांचे पुठ्ठे कापून प्रत्येक पॅनलची प्रतिकृती केली, चिकटपट्टीच्या बिजागऱ्या लावल्या आणि घडी कपाटामागे सरकते का ते पाहिलं. वजनाचा अंदाज यावा म्हणून पिशवीत शब्दकोश भरून घरभर हिंडले. दुकानदाराला विचारून विचारून त्याच्या नाकी नऊ आणले. घडीच्या जागी तार तुटते का? मागचा टेकू वाऱ्यात टिकतो का? दोरीवरच्या चादरीची सावली पडली तर वीज किती घटते? दुकानदार आधी त्यांना काका म्हणायचा, मग साहेब म्हणायला लागला, मग फोन उचलेनासा झाला.

मागच्या खोलीत आई पुठ्ठ्याचा पॅनल हातात धरून वारा घेत होती.

"हा मधला बरा आहे," ती म्हणाली. "मोठ्याने मनगट दुखतं."

माझा पारा चढला. "बाबा, ती इथे उकडून निघतेय आणि तुम्ही कसला कीस पाडत बसलाय? तिच्यापेक्षा तुम्हाला ती पेटी प्यारी झालीय!"

बाबांनी फक्त पेटीवरचा टॉवेल नीट केला.

शेवटी मधलाच पॅनल आला. बाबांनी गॅलरीत तो उलगडला, उन्हाकडे तोंड करून उभा केला, तार पेटीला जोडली. पेटीच्या पडद्यावर पॅनलकडून येणाऱ्या विजेचा आकडा आला शून्य. बाबांचा चेहरा उतरला. इतकी पारख करून शेवटी फसलो, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी माझ्या फोनवरून दुकानदाराला गाठलं.

"काका, पेटी भरलेलीच आहे ना?" तो म्हणाला. "मग पॅनल त्यात भरणार काय? आधी थोडी वापरा."

बाबांनी पेटीकडे पाहिलं, मग मागच्या खोलीकडे. आईचा घाम पुरला नव्हता, माझी आदळआपट पुरली नव्हती; पॅनल तपासायचा म्हटल्यावर मात्र पंखा लागला. आई बघता बघता झोपली, चक्क घोरायला लागली. कारण कसलंही असो, मला इतकं बरं वाटलं की मी बाबांना त्या दिवशी काहीच बोलले नाही.

पण पुढे भलतंच झालं. पेटी दुपारीच पुन्हा भरायची आणि गॅलरीत ऊन शिल्लक राहायचं. बाबांचा जीव कासावीस व्हायचा. "एवढं ऊन वाया चाललंय," म्हणत ते पेटीत जागा करायला पंखा सुरू करायचे. घरात वीज असली तरी पंखा पेटीवरच, आणि तो आईच्याच तोंडासमोर. स्वतः गॅलरीत घामाने निथळत, ऊन सरकेल तसा पॅनल सरकवत बसायचे.

पावसाळा सरल्यावर एकदा मी त्यांच्याकडे गेले. बाहेर स्वच्छ ऊन होतं, पण हवेत चांगला गारवा आला होता. मागच्या खोलीत पंखा जोरात चालू. आई पायात मोजे घालून, कानावरून शाल ओढून त्याच्यासमोर पडलेली. नाक चोंदलेलं.

"अगं, बंद कर ना तो!" मी बटणाकडे हात नेला. तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे."

"गारठलीयस तू."

"हळू बोल. त्यांना वाटेल, आपण निवडलेला पॅनल फुकट गेला."

तेवढ्यात गॅलरीतून बाबांचा आवाज आला, "झोपली का गं ती?"

आईने झटकन डोळे मिटले.

"हो बाबा," मी म्हटलं. "गाढ झोपलीय."