भेगेवरचा टेप

मी एक जुना पोलादी टेप आहे. वरवे बुद्रुकच्या शिवारातल्या दगडखाणीत कुंडलिक मुकादमांच्या खिशात माझी नऊ वर्षं गेली. खाणीच्या कड्यावर एक भेग आहे. तिच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन लोखंडी खुंट्या ठोकलेल्या आहेत. रोज सकाळी मुकादम माझ्या टोकाची कडी एका खुंटीत अडकवायचे, मला ताणायचे आणि दुसऱ्या खुंटीपाशी आलेला आकडा वाचायचे. आकडा वाढला म्हणजे भेग रुंदावली आणि कडा ढासळायची भीती. "टेपानं व्हय म्हटलं की मगच उतरायचं," असं ते कामगारांना बजावायचे. मित्रांनो, तेव्हा मी माझ्या डबीत मावेनासा व्हायचो.

यंदा आषाढात स्नेहल नावाची इंजिनीयर आली आणि तिने भेगेजवळ एक पेटी बसवली. तिला उन्हावर चालणारी पट्टी, भेगेपलीकडे ताणलेली तार आणि वर भोंगा. भेग जरा सरकली की भोंगा वाजणार. साहेब लोक येऊन तिचे फोटो काढत. माझा फोटो नऊ वर्षांत कुणी काढला नव्हता. मी जळत होतो, लपवत नाही. एकदा खाणीशेजारच्या बाळाबाईंची शेळी त्या तारेत अडकली आणि भोंगा उगाच बोंबलला. त्या दिवशी मला झाला तेवढा आनंद कधीच झाला नव्हता.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. पेटीला झेंडूची माळ आणि मला नुसतं कुंकवाचं बोट. त्याच दिवशी माझी झिजलेली कडी तुटली. मुकादमांनी मायेने तिच्या जागी तारेचा फास करून बसवला. तो कडीपेक्षा दोन बोटं लांब झाला, म्हणजे आता मी तेवढंच कमी माप दाखवणार होतो. हे मला कळलं, मुकादमांच्या ध्यानात आलं नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत जोराचा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम मला खिशातून काढताहेत तोच भोंगा वाजला. ड्रिल लावायला आधीच खाली उतरलेला अमृत, मुकादमांचा धाकटा भाऊ, धावत वर आला. मुकादमांनी मला ताणलं. आकडा सुट्टीआधीचाच होता.

"शेळीच आसंल परत. टेप म्हनतोय काय न्हाई. जा, उतर," ते म्हणाले. अमृत खाली गेला.

पेटी खोटी पडली म्हणून मी खूश होतो.

भोंगा ऐकून आलेल्या स्नेहलने पेटीची तार तपासली. तिथे शेळी नव्हती. मग तिने मला हातात घेतलं.

"मामा, हा फास कधी लावलात?"

"परवा. कडी तुटली व्हती."

तिने फासावर दोन बोटं ठेवून दाखवली. आकडा तोच, म्हणजे भेग तेवढीच रुंदावली होती. मुकादमांचा चेहरा उतरला. ते कड्याकडे पळाले. "आमृत, ड्रिल ऱ्हाऊ दे तितंच. आदी वर ये."

तो वर आला आणि अर्ध्या तासात कडा ढासळला. ड्रिल दिसेनासं झालं. मुकादम भावाचा दंड धरून बसले होते, तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

आता मी ऑफिसातल्या खिळ्याला टांगलेला असतो. मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण आमच्या भरवशावर कुणाला खाली पाठवण्याआधी आम्हाला एकदा तपासून घ्या. मला तोंड नाही, हे खरं. पण त्या सकाळी असतं, तरी मी गप्पच बसलो असतो.