काटा हलत होता

मी एक जुना, घरी बांधलेला काँप्रेसर आहे, मित्रांनो. फ्रीजच्या पाठीमागे घुरघुरतो तो नव्हे. त्याची आणि माझी ओळखही नाही, पण प्रत्येक जण विचारतो म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. मी आवाजाचा काँप्रेसर. ध्वनिमुद्रण करताना सगळे आवाज शेवटी डाव्या आणि उजव्या अशा दोन वाटांनी येतात आणि त्या दोन्ही वाटा माझ्या पोटातून जातात. एखादा आवाज फार चढला की मी त्याला हळूच खाली धरतो. मग दबलेल्या आवाजांनाही जागा मिळते. माझ्या तोंडावर काचेची एक छोटी खिडकी आहे, तिच्यात एक काटा आहे. मी काम करत असलो की तो हलतो.

मला बाबांनी बांधलं. ते अँप्लिफायर दुरुस्त करायचे आणि त्यांची मुलगी, म्हणजे ताई, घराच्या मागच्या खोलीत लोकांची गाणी ध्वनिमुद्रित करायची. माझा डबा एका मोडीत निघालेल्या अँप्लिफायरचा आहे. पाच बटणं पाच ठिकाणांहून आली, त्यामुळे माझा चेहरा जरा उसना दिसतो. पण आतली एकेक तार बाबांनी स्वतः मापून कापली होती. त्या घरात एक नियम होता. बाबांनी डाग देऊन तारा जोडायच्या, म्हणजे सोल्डर करायचं, आणि ताईने जोडणीचा नकाशा समोर धरून तपासायचं. तिने बोट ठेवून "बरोबर" म्हटल्याशिवाय बाबा पुढच्या तारेला हात लावत नसत. कधी ती चूक काढायची, मग बाबा चष्म्याला दोष द्यायचे. असं आमचं चार महिने निवांत चाललं होतं. मला कसली घाई नव्हती.

मग आईंच्या घशात गाठ निघाली. आई शाळेत शिकवायच्या. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही जागं करील असा त्यांचा आवाज होता म्हणे. डॉक्टरांनी सांगितलं की जीव वाचेल, आवाज राहणार नाही. महिनाअखेरची तारीख ठरली. त्याआधी आईंचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं, असं सगळ्यांच्या मनाने घेतलं. ताईने एकच मागणं केलं होतं. तिच्या जन्माच्या दिवशीची हकिगत आईने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावी. आईंचा आवाज तोवर फार बेभरवशाचा झाला होता, एक शब्द पुसट तर दुसरा एकदम चिरका. तो सावरायला माझ्यासारखाच कुणी हवा होता. मला मनातून आनंद झाला होता, हे मी लपवत नाही.

ताई कामासाठी चार दिवस परगावी गेली आणि दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून निरोप आला. शस्त्रक्रिया आता परवाच करायची होती. माझ्या मागच्या बाजूची दोन सॉकेट जोडायची तेवढी राहिली होती. बाबांनी ती एकट्याने जोडली. ताईने फोनवर विचारलं तेव्हा त्यांनी तपासून झाल्याचं सांगितलं.

ते खोटं नव्हतं. त्यांनी हेडफोन लावून तपासलं होतं. पण बाबांचा डावा कान दोन वर्षांपासून बंद होता आणि ही गोष्ट त्यांनी घरात कुणालाच कळू दिली नव्हती. डाव्या सॉकेटच्या लाल आणि पांढऱ्या तारांची अदलाबदल झाली होती. त्यामुळे उजवी बाजू आवाज पुढे ढकलायची तेव्हा डावी तोच आवाज मागे ओढायची. मित्रांनो, ही चूक एका कानाने कळत नाही. एकेक बाजू ऐकली तर दोन्ही अगदी ठणठणीत वाटतात. दोन्ही कानांनी मिळून ऐकलं तरच काहीतरी बिनसलंय हे लक्षात येतं.

बाबांनी दोन माइक मांडले आणि टेपने मोजून आईंची खुर्ची बरोबर मधोमध ठेवली. स्वतः उजव्या माइकजवळ स्टूल घेऊन बसले. बोलणारी एकटीच आहे, तर दोन बाजू वेगळ्या ठेवायच्या कशाला, असं म्हणत त्यांनी दोन्ही बाजू एकात मिसळून जातील असं ध्वनिमुद्रणाचं यंत्र लावलं. तसं केलं की सगळं त्यांना एका कानाने ऐकू येई. हेडफोन त्यांनी काढून ठेवला, कारण त्यांना बायकोकडे बघत ऐकायचं होतं. मधूनमधून ते माझ्या काट्याकडे नजर टाकत. माझा काटा छान हलत होता. आई पाऊण तास बोलल्या आणि मी त्यांचा एकही शब्द पडू दिला नाही. काटा बघून बाबा निर्धास्त झाले. त्या काट्याची मला आजही लाज वाटते.

शस्त्रक्रियेनंतर आठ दिवसांनी आई घरी आल्या. त्यांनी पाटीवर लिहिलं, "लावा ना." ताईने लावलं.

बाबांचं स्टूल करकरलं. खिडकीबाहेर सायकलची घंटा वाजली. मग बाबांचा आवाज आला, "हं." बराच वेळ काही नाही. पुन्हा बाबा, "मग?" आईंचा आवाज कुठेच नव्हता. एकाच दाराला दोघांनी दोन बाजूंनी सारखाच जोर लावला तर दार हलत नाही, तसं माझ्या दोन बाजूंनी त्यांच्या आवाजाचं केलं होतं. बाबा एका कडेला बसले होते म्हणून वाचले. आई मोजून मधोमध होत्या, म्हणून पूर्ण पुसल्या गेल्या. एकदा एकात मिसळलेलं पुन्हा वेगळं करता येत नाही.

ताईने माझं झाकण उघडलं आणि तिला लगेच दिसलं.

"बाबा, तुम्ही तपासलं होतं ना?"

"उजव्या कानाने तपासलं," बाबा म्हणाले. "डावा गेलाय माझा."

"मला सांगायचं होतं. मी रात्रीची गाडी पकडून आले असते."

बाबा भिंतीकडे तोंड करून रडले. आईंनी पाटी पुसली आणि लिहिलं, "तुमचं 'हं' मात्र झकास आलंय." ती पाटी त्या बराच वेळ त्यांच्यासमोर धरून बसल्या.

ताईने माझ्या तारा नीट केल्या. पुढे अकरा वर्षं मी चोख काम केलं. गाणं एकजीव वाटतं, असं म्हणून गायक माझ्या पाठीवर थाप मारायचे. मग माझं काम संगणक करू लागला आणि मी फळीवर गेलो. माझी दोन बटणं दुसऱ्या यंत्रांना लागली, काचेवर धूळ बसली. त्याचं मला फारसं दुःख नाही. बाबांनी मात्र त्या दिवसानंतर सोल्डरिंगची कांडी पुन्हा हातात घेतली नाही.

मित्रांनो, एक विनंती आहे. आपलं काही बिघडलं असेल, तर ते आपल्या माणसांना सांगा. आम्हा यंत्रांचे काटे कशानेही हलतात. त्यांच्यावर विसंबू नका.

बाबा गेल्या वर्षी वारले. त्यांचा आवाज कुणी कधी जपून ठेवला नव्हता, ते कुणाला सुचलंच नव्हतं. आता आई दुपारी या खोलीत येतात आणि ताई त्यांना तेच ध्वनिमुद्रण लावून देते. बाबा "हं" म्हणतात. आईंचे ओठ हलायला लागतात. बाबा "मग?" विचारतात, आईंचे ओठ पुढचं सांगतात. एका ठिकाणी बाबा म्हणतात, "नाही गं, ते नंतर झालं." तिथे आई रोज जोरजोरात मान हलवतात. त्यांचं म्हणणं, ते आधीच झालं होतं.