द्रवणांक घेताना

प्रतापने मागून येऊन सुनेत्राचा अंबाडा धरला, तेव्हा तिचा डोळा भिंगाला लागलेला होता. मान मागे खेचली गेली तरी तिचा हात आच कमी करायला शेगडीकडेच गेला.

"फोन का उचलत नाहीस?" इतकंच तो म्हणाला, आणि तिचं तोंड टेबलावर आपटलं.

आता द्रवणांक घेताना फोन कोण उचलणार? सुईसारख्या बारीक नळीत चिमूटभर पावडर भरायची, ती तापत्या तेलात धरायची आणि पावडर वितळायला लागते तो क्षण पकडायचा. नजर हलली की नळी फुकट, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यात आमचं मशीन बिघडलेलं, म्हणून त्या दिवशी सगळं हातानंच चाललं होतं. तिसरा हात आणायचा कुठून?

खाली रिसेप्शनवर त्याला कोणी अडवलं नव्हतं. अडवतील कशाला, दर गणपतीत अख्ख्या लॅबला मोदक वाटणारा हसरा नवरा तो! इथे परदेशात, ॲन आर्बर गावातल्या सगळ्या मराठी काकू त्याचे गोडवे गातात. मेल्याचं तोंड बघावंसं वाटत नाही मला.

मी ग्रेस, सुनेत्राच्या शेजारच्या टेबलावर काम करते. मी नगरची, मराठी ख्रिस्ती. पण कोटावरचं नाव वाचून प्रतापनं मला केरळची ठरवलं होतं आणि सुनेत्रानं त्याचा गैरसमज कधी दूर केला नव्हता. एरवी आम्ही दोघी दिवसभर मराठीत बडबडायचो, तो समोर आला की ती इंग्रजी सुरू करायची. ओठाला सूज दिसली की 'कपाटाचं दार लागलं' म्हणायची, आणि मी विषय बदलायचे.

प्रतापनं सुनेत्राला पुन्हा ओढलं, थोबाडीत मारली. मी ओरडत धावले तर मला कोपरानं असं ढकललं की मी कपाटावर आदळले. ती मला सावरायला आली म्हणून त्यानं दुसऱ्यांदा हात उगारला आणि तोच हात तेलाच्या भांड्याला लागला. काच फुटली. उकळतं तेल त्याच्या मनगटावरून खाली सांडलं. तो गुरासारखा ओरडला.

आणि या बाईनं काय करावं? त्याचा हात धरून गार पाण्याच्या नळाखाली नेला. स्वतःच्या नाकातून रक्त गळतंय, कोट लाल झालाय, आणि हात त्याचा धुतेय! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी पोलिसांना फोन केला.

पोलीस येईपर्यंत सगळा मजला दाराशी जमला होता. एका अधिकाऱ्यानं प्रतापला भिंतीशी उभं केलं, दुसरा सुनेत्राला काय झालं ते विचारू लागला. तेव्हा प्रताप तिच्याशी मराठीत, शांतपणे, जणू तिची विचारपूस करतोय अशा आवाजात बोलला.

"सांग, तुझा धक्का लागून तेल सांडलं. एक शब्द जास्त बोललीस तर रुहीला घेऊन जाईन आणि तुझी अशी हाडं मोडीन की हात उचलता येणार नाही. हस जरा."

रुही त्यांची मुलगी, सातवीत आहे. मी बोलायला तोंड उघडलं, तर सुनेत्रानं माझा दंड दाबला.

"तू नको. तू फक्त ऐक, आणि मी चुकले तर सांग," ती मला म्हणाली, मराठीत. प्रतापनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला नगरी मराठीत म्हणाले, "सगळं ऐकलंय मी."

मग तिनं त्याचं वाक्य न् वाक्य इंग्रजीत अधिकाऱ्याला सांगितलं. रुहीचं, हाडांचं. 'हस जरा' हेसुद्धा सोडलं नाही. मला एकही शब्द दुरुस्त करावा लागला नाही. प्रतापला बेड्या घालून नेलं, तेव्हा तिनं तिकडे पाहिलं नाही.

अधिकाऱ्यानं विचारलं, अजून काही बोलला होता का तो?

"आजचं सांगू," तिनं विचारलं, "की लग्नापासूनचं?"

त्यानं एक स्टूल तिच्यासाठी सरकवलं आणि दुसऱ्यावर स्वतः बसला.