उघाडीवरच्या उणे खुणा

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो, आणि आजवर एकदाही चुकलेली नाही. चुकतात ते वाचणारे! आगरदांड्याच्या अलीकडे एका खाडीच्या बांधात मी उभी आहे. बांधाच्या आत भातशेती, बाहेर खारं पाणी आणि मधे उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार. ओहोटीला फळ्या उचलून शेतातलं जादा पाणी खाडीत सोडायचं, भरतीआधी फळ्या पुन्हा बसवायच्या. गावातली घरं पाळीपाळीनं हे काम करतात.

मला बुधाजी सुतारांनी सागाच्या जाड फळीतून घडवलं. माझी एक बाजू शेताकडे, दुसरी खाडीकडे. दोन्हींवर त्यांनी एकाच उंचीला शून्य रंगवलं. शेतातलं पाणी त्याच्या वर गेलं की भात बुडालंच म्हणा. शून्याच्या वर एक, दोन, तीन आणि खाली उणे एक, उणे दोन, थेट उणे दहापर्यंत खुणा. खालचे आकडे कशाला, म्हणून लोक हसले.

"पानी काय नुसतं चढतं व्हय? उतरतं पन!" बुधाजी म्हणाले.

सुरुवातीला माझा थाट काय सांगू! दरवर्षी नवा रंग, येणारा-जाणारा माझं कौतुक करायचा. बुधाजी गेले आणि लोक फक्त वरच्या खुणा रंगवू लागले. खाली शेवाळ चढलं. वाईट वाटायचं हो, खूप वाईट वाटायचं.

यंदा ऑगस्टमध्ये एका सकाळी दिपेशची पाळी आली. कंपनीत कामाला जाणारा हा हुशार मुलगा, पण भारी घाईचा. दुपारनंतर जोराचा पाऊस सांगितला होता, त्याआधी शेतातलं पाणी काढायचं होतं. शेवाळ खरवडून त्याने मला वाचलं. शेताकडे उणे पाच, खाडीकडे उणे दोन.

"पाच मोठे, दोन लहान. शेतातच पाणी जास्त हाय," असं म्हणत त्याने पहिली फळी उचललीसुद्धा!

उघाडीला लागून सोनूबाईचं शेत. तिच्या घरचं वर्षाचं भात त्यातच. खारं पाणी शिरलं तर यंदाचं पीक गेलंच, पुढची दोन-तीन वर्षंही जमीन धड पिकत नाही.

शेतात बेणणी, म्हणजे तण काढायचं काम, करणाऱ्या सोनूबाईने उलटा लोंढा पाहिला आणि ती धावतच आली.

"आरं मेल्या, फळी टाक! खारं आत येतंय!"

दिपेशने धाडकन फळी बसवली. "पण काकी, पाच मोठे ना?"

"शून्याच्या वर मोठे! एक मानूस विहिरीत पाच पायऱ्या उतरला, दुसरा दोन. वर कोन हाय?"

"दोनवाला," दिपेश पुटपुटला. त्याचा चेहरा उतरला होता. मग त्याने माझ्यावर बोट ठेवून मोजलं. उणे पाचावरून उणे दोनावर जायला तीन खुणा चढाव्या लागतात. म्हणजे उणे दोनातून उणे पाच वजा केले की तीन. खाडी तीन खुणांनी वर होती.

दोघं ओहोटीची वाट बघत बांधावरच बसली. खाडी उणे नऊवर उतरली, तेव्हा शेतातलं पाणी चार खुणांनी वर होतं. आता दिपेशने फळ्या उचलल्या. शेत उणे आठवर आल्यावर त्याने त्या घट्ट बसवल्या.

दुपारी पाऊस कोसळला, शेतातलं पाणी सात खुणा चढलं. उणे आठात सात मिळवले, उणे एक! उणे पाचावरूनच चढलं असतं, तर अधिक दोनवर गेलं असतं. उघाडीपाशी हातभर रोपं खाऱ्याने करपली, तेवढीच.

दिवाळीत दिपेशने ब्रश आणला आणि रंगवायला उणे दहापासून सुरुवात केली. मित्रांनो, आकडा दिसला की तो शून्याच्या कुठल्या बाजूला आहे, हे आधी बघा. आणि माझ्यासारखी पट्टी तुमच्या गावी असेल तर तिच्या खालच्या खुणाही घासा, रंगवा. त्यांना कमी लेखू नका. त्या दिवशी शून्याला फक्त एक खूण उरली होती, आणि त्या एका खुणेवर सोनूबाईच्या घरचं वर्षभराचं जेवण वाचलं.