पडद्यामागे माझे नाव कुणी घेईना

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, होडीच्या नांगराचा. बोईसरच्या एका कारखान्यात मला पीळ बसला आणि केळव्याच्या दामूने मला आपल्या होडीसाठी आणले. वाऱ्यावादळात मी होडी धरून ठेवली, की तो मला गोड्या पाण्याने धुऊन सावलीत टांगायचा. होडी विकली गेली आणि मी अंगणात उन्हात पडून राहिलो.

गेल्या थंडीत फ्रान्सची एक फार जुनी नाटक मंडळी पालघरला आली. दामूची भाची हेमाली त्यांची दुभाषी होती. लाकडी चौकटीचा भलामोठा पडदा टांगायला त्यांचे सामान अपुरे पडले, म्हणून तिने मामाला बोलावले. मामाने मला खांद्यावर टाकले.

हेमालीने फ्रेंचमध्ये माझे नाव घेताच रंगमंचाचे म्हातारे प्रमुख मोरिस यांनी ओठांवर बोट ठेवले. ती दामूला म्हणाली, की यांच्यात नाटकघरात दोराचे नाव घेत नाहीत, अपशकुन मानतात. त्याऐवजी ते धागा म्हणतात.

मी पार गोंधळलो. ज्याने भरतीत होडी धरली, तो धागा? माझ्या हातून असे कोणते पाप घडले होते? पण विचारणार कुणाला? मुकाट्याने मी पडदा उचलून धरला.

प्रयोग रंगला होता. पडद्याखाली एक म्हातारी नटी बोलत उभी होती. तेवढ्यात उन्हाने विरलेला माझा एक पीळ तुटला. दामूने मला दोन्ही हातांनी आवळले, पण तो एकटा कितीसा पुरणार?

"पोरी, दोर तुटतंय. सांग त्यांना," तो दबक्या आवाजात म्हणाला.

हेमालीने मोरिसना धागा तुटतोय असे सांगितले. कुणाचा तरी पोशाख उसवला असे समजून त्यांनी तिला सुईची डबी दिली. तिने डबी बाजूला ठेवली. मग तिने माझे खरे नाव उच्चारले, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

मोरिस पांढरेफटक पडले. पण त्यांनी वर पाहिले आणि धावत येऊन दामूच्या हातांशेजारी मला घट्ट धरले. त्यांच्यामागे आणखी दोघे आले. अंक संपला, नटी आत आली, मगच पडदा हळूहळू खाली उतरला.

त्यांच्या रिवाजानुसार, ते नाव घेणाऱ्याने सगळ्यांना काहीतरी पाजायचे असते. हेमालीने शहाळी मागवली. मोरिस शहाळे हातात धरून माझ्यापाशी आले, तुटक्या पिळावरून त्यांनी बोट फिरवले आणि तुम्ही याला काय म्हणता, असे विचारले.

"दोर," दामू म्हणाला.

"दोर," मोरिस अडखळत म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे पाहिले. काहीच पडले नाही.

मी अपशकुनी की राखणदार, हे मला अजून उमगलेले नाही. पण मित्रांनो, माझे एवढे ऐका. जुन्या वस्तूवर कुणाचा जीव सोपवण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. आणि ती तुटू लागली, तर तिचे नाव घ्यायला लाजू नका.